बोर्गू : नायजर नदीचे द्रुतवाह आणि एका स्थानिक शासन क्षेत्राची जडणघडण

प्रस्तावना

वसाहतकाळात आखलेल्या सीमारेषा हाच पश्चिम आफ्रिकेच्या अभ्यासाचा मुख्य विषय मानला जातो. परंतु नदीच्या पात्राचे स्वरूपही एखाद्या प्रदेशाचे भवितव्य कसे ठरविते, हे नायजेरियाच्या नायजर राज्यातील बोर्गू या स्थानिक शासन क्षेत्राच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

भौगोलिक स्थान

बोर्गूच्या पश्चिमेस बेनिन प्रजासत्ताक असून पूर्वेस नायजर नदीवरील कैंजी जलाशय आहे. सुमारे १६,२०० चौ. किमी. क्षेत्रफळाच्या या प्रदेशाची लोकसंख्या २००६ च्या जनगणनेनुसार सुमारे १ लाख ७२ हजार होती; म्हणजेच वस्ती अत्यंत विरळ आहे. सव्हाना प्रकारची वनश्री, शेती, पशुपालन व मासेमारी ही येथील जीवनाची प्रमुख अंगे होत.

द्रुतवाहांचे महत्त्व

जुन्या बुसा नगराजवळ नायजरच्या खडकाळ पात्रात द्रुतवाह होते. येथेच १८०६ मध्ये स्कॉटिश प्रवासी मुंगो पार्क याचा अंत झाला. १८३० मध्ये लँडर बंधू बुसाहून नदीमार्गे समुद्रापर्यंत पोहोचले आणि नायजरच्या मुखाचा प्रश्न निकालात निघाला. द्रुतवाहांच्या खालचे पात्र नौकानयनास सोयीचे असल्याने तेथपर्यंत पोहोचण्याची फ्रान्सची आकांक्षा होती. १८९७ मध्ये फ्रेंचांनी बुसा ताब्यात घेतले. अखेर जून १८९८ च्या करारान्वये बोर्गूची फाळणी झाली : निक्की फ्रान्सकडे, तर बुसा ब्रिटनकडे गेले.

वसाहतकालीन प्रशासन

सोकोटो खिलाफतीच्या अंमलाखाली बुसा कधीच आले नव्हते. तरीही उत्तरेकडील अमिरातींच्या धर्तीवरील अप्रत्यक्ष शासनाची चौकट ब्रिटिशांनी येथे लादली. परंपरेने मान्य नसलेल्या अधिकाऱ्यांविरुद्ध जून १९१५ मध्ये बंड झाले. मायकेल क्राउडर यांनी १९७३ च्या आपल्या ग्रंथात या बंडाची सविस्तर चिकित्सा केली आहे. पुढे १९५४ मध्ये बुसा व कायामा एकत्र करून बोर्गू अमिरात निर्माण करण्यात आली.

धरण व विस्थापन

ज्या द्रुतवाहांमुळे बुसाला महत्त्व आले, तेच पात्र वीजनिर्मितीसाठी उपयुक्त ठरले. १९६४ ते १९६८ या काळात कैंजी धरण बांधले गेले. सुमारे १,२५० चौ. किमी. विस्ताराच्या जलाशयात जुने बुसा आणि ते द्रुतवाह दोन्ही बुडाले. सुमारे ४४ हजार लोकांचे पुनर्वसन झाले आणि सुमारे ४० किमी. दक्षिणेस वसविलेले न्यू बुसा हे आज या क्षेत्राचे मुख्यालय आहे. धरणाची वीज राष्ट्रीय जाळ्यात गेली. वडिलोपार्जित गावांचे व शेतांचे मोल मात्र स्थानिकांनी चुकविले. जलविद्युत उत्पादक क्षेत्रांच्या विकासासाठी आयोग स्थापण्याचा कायदा होण्यास २०१० साल उजाडले. दरम्यान १९९१ मध्ये बोर्गू क्वारा राज्यातून नायजर राज्यात आले. कायामा मात्र क्वारामध्येच राहिले. १९५४ ची जोडणी अशा रीतीने प्रशासकीयदृष्ट्या दुभंगली.

निष्कर्ष

१८९८, १९५४, १९६८ आणि १९९१ या चारही टप्प्यांवर बोर्गूच्या सीमा वा केंद्रस्थान बदलले. परंतु निर्णय प्रत्येक वेळी बोर्गूबाहेर झाले. स्वातंत्र्योत्तर शासनानेही याबाबत वसाहतकालीन परंपराच चालविली असे दिसते. म्हणूनच स्थानिक शासन क्षेत्राचा इतिहास लिहिताना केवळ प्रशासकीय आदेशांची नोंद पुरेशी नाही. त्या आदेशांनी ज्यांची भूमी पालटली, त्या लोकांच्या दृष्टीनेही तो तपासणे आवश्यक ठरते.