उसन्या धावपट्ट्या

जुन्या दिल्लीच्या तटाबाहेर, उत्तरेस, अरवलीच्या अखेरच्या खडकाळ कण्यावर हिंदूरावांचा वाडा आहे. हे हिंदूराव म्हणजे कागलच्या घाटग्यांपैकी, बायजाबाई शिंद्यांचे बंधू. ग्वाल्हेरच्या राजकारणातून बाहेर पडल्यावर ते दिल्लीस स्थायिक झाले. १८३५ मध्ये विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा खून झाल्यानंतर त्याचे टेकडीवरील घर त्यांनी घेतले. १८५७ च्या वेढ्यात या वाड्याच्या भिंतींवर तोफांचे गोळे आदळले. पुढे तेथे रुग्णालय झाले, आणि आज दिल्लीकर ज्याला ‘हिंदूराव’ म्हणतो ते बहुधा हे रुग्णालयच असते. नवी दिल्ली अस्तित्वात येण्यापूर्वी साहेबाची दिल्ली म्हणजे काश्मिरी दरवाजापासून या टेकडीपर्यंतचा टापू. १९०४ साली हिंदुस्थानातील पहिली संघटित मोटारस्पर्धा ज्या दिल्लीतून निघाली ती ही दिल्ली होय.

‘मोटर युनियन ऑफ वेस्टर्न इंडिया’ या मुंबईकडील संस्थेने दिल्ली ते मुंबई अशी ही स्पर्धा योजिली. अंतर सुमारे ८१० मैलांचे. तिला शर्यत म्हणणे मात्र बरोबर नाही. युरोपात तोवर शहराशहरांमधील शर्यतींचा मोठा गाजावाजा झाला होता. परंतु १९०३ च्या मे महिन्यात पॅरिस–माद्रिद शर्यतीत एकामागून एक अपघात होऊन माणसे दगावली आणि ती शर्यत बोर्दो येथेच थांबवावी लागली. त्यानंतर खुल्या रस्त्यावर वेगाची पैज लावणे लोकांच्या मनातून उतरले. दिल्ली–मुंबई स्पर्धेचे स्वरूप म्हणूनच कसोटीचे होते. प्रश्न कोण आधी पोहोचतो हा नसून कोण पोहोचतो हा होता. या देशात मोटार हाकताना कोणत्या अडचणी येतात हे जाणून घ्यावे आणि हौशी मंडळींत मोटारीचा प्रसार व्हावा, असा दुहेरी हेतू त्यामागे होता. पेट्रोल त्या काळी डब्यांतून मिळे, रबरी धावा पुन्हा पुन्हा फाटत, आणि मोटार बिघडली तर पुढच्या गावी लोहाराखेरीज दुसरा वैद्य नसे.

या प्रारंभात एक गोष्ट दडलेली आहे, आणि पुढच्या शंभर वर्षांत ती वारंवार वर येते. मोटारशर्यत हा खेळ जमिनीचा फार मोठा भुकेला आहे. कुस्तीला हौद पुरतो, क्रिकेटला मैदान पुरते. हौशी शर्यतीला दोन-तीन मैलांचा पक्का रस्ता हवा, आणि तोही वर्षातून फार तर चार-सहा दिवस. एवढ्यासाठी स्वतःची जमीन कोण बाळगणार? हा छंद त्यामुळे जन्मापासून दुसऱ्याच्या जमिनीवर जगत आला. १९०४ मध्ये सरकारी रस्ता उसना घेतला गेला. नंतरच्या उसनवारीचा इतिहास मात्र महायुद्धाशी निगडित आहे.

इंग्लंडात १९०७ साली ब्रुकलँड्स येथे खास शर्यतींसाठी धावमार्ग बांधण्यात आला होता. १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले आणि ती जागा विमानांच्या कारखान्यांनी गिळली. युद्ध संपल्यावर उलटा व्यवहार झाला. बाँबफेकी विमानांसाठी बांधलेल्या शेकडो धावपट्ट्या ओस पडल्या होत्या. त्यांपैकी सिल्व्हरस्टोन येथे १९४८ च्या ऑक्टोबरात मोठी शर्यत झाली, आणि १९५० साली जागतिक अजिंक्यपदाची पहिली फेरीही तेथेच झाली. परंतु मोठ्या शर्यतींपेक्षा छोट्या क्लबांना या पट्ट्यांचा लाभ अधिक झाला. ‘सेव्हन-फिफ्टी मोटर क्लब’सारख्या संस्थांचे सभासद जुनी ऑस्टिन सेव्हन मोडून तिच्या सांगाड्यावर घरच्या घरी शर्यतीची गाडी उभारीत आणि हंगामभर या पट्ट्यांवर गुण मिळवीत हिंडत. पुढे लोटस कंपनी काढणारा कॉलिन चॅपमन याच मंडळींतून वर आला.

हिंदुस्थानातही नेमके हेच घडले. जपानी स्वारीच्या भीतीने पूर्व किनाऱ्यावर जी विमानतळे घाईघाईने बांधली गेली, त्यांत मद्रासच्या उत्तरेचे शोलावरम हे एक होते. १९५३ मध्ये ‘मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब’ स्थापन झाला आणि त्याने ही ओसाड पट्टी आपली केली. आपली म्हणजे काही दिवसांपुरती! तिकडे कलकत्त्याच्या मंडळींनी बराकपूरची धावपट्टी धरली. मोटारशर्यत आपल्याकडे टिकून राहिली ती या काँक्रीटच्या बळावर. त्याच सुमारास सरकारच्या धोरणाने परदेशी मोटारीची वाट बंद झाली होती. जे येथे मोटारी घडवणार नाहीत त्यांनी येथे नुसती जुळणीही करू नये असे ठरले, आणि १९५४ च्या सुमारास फोर्ड आणि जनरल मोटर्स या कंपन्यांनी येथील कारभार आटोपला. हौशी शर्यतवाल्याच्या हाती उरली अ‍ॅम्बॅसडर, फियाट आणि पुढे स्टँडर्ड हेराल्ड. दुचाकीवाल्यांपाशी मद्रासकडची बुलेट आणि १९६१ पासून म्हैसूरची जावा.

या साधनांवर जो हंगाम उभा राहिला त्याची मौज सांगण्यासारखी आहे. इंग्लंडातला शर्यतवाला वसंत ऋतूची वाट पाहतो. आपल्याकडे पाऊस आणि ऊन या दोहोंच्या मधली फट शोधावी लागते. मराठ्यांच्या मोहिमा दसऱ्याचे सीमोल्लंघन करून निघत आणि पावसाळ्यापूर्वी परत येत. मोटारशर्यतीच्या हंगामाचेही वेळापत्रक साधारण तसेच. त्यातून मद्रासेस परतीचा पाऊस डिसेंबरपर्यंत रेंगाळतो, म्हणून शोलावरमचा मेळा नव्या वर्षात, थंडीच्या अखेरीस भरे. मधले महिने गाडीच्या पोटात हात घालण्याचे. फियाटचे इंजिन १०८९ घन सेंटिमीटरचे. त्याचे डोके खरवडून दाब वाढवावयाचा, एकाच्या जागी दोन कार्बुरेटर बसवावयाचे, मागची बैठक आणि दारांचे अस्तर काढून वजन उतरवावयाचे. कोणी छपरच कापून टाकी. ज्याची ऐपत अधिक तो जुन्या सांगाड्यावर पत्र्याचे नवे अंग चढवून एकट्याची गाडी करी आणि तिला ‘स्पेशल’ म्हणे. पुष्कळांची शर्यतीची गाडी हीच घरची गाडीही असे. रविवारी तिच्या दारावर चुन्याने क्रमांक लिहावयाचा आणि सोमवारी तो पुसून तीतूनच कचेरीत जावयाचे.

मेळ्याच्या दिवशी आधी गाड्यांची तपासणी होई: ब्रेक, चाकांच्या खिळ्या, पेट्रोलची टाकी, शिरस्त्राण. मग सराव, मग इंजिनाच्या आकारमानाप्रमाणे पाडलेल्या वर्गांच्या शर्यती. धावपट्टी विमानासाठी सरळ बांधलेली असते, तिला वळणे कोठली? ती पिंपे आणि गवताचे भारे मांडून करावी लागत. निशाण दाखवणारे, वेळ टिपणारे, अपघात झालाच तर धावून जाणारे, हे सारे क्लबाचे सभासद किंवा त्यांचे स्नेही असत आणि बिनमोल राबत. ज्याची स्वतःची गाडी सकाळी मोडली तो दुपारी निशाण घेऊन वळणावर उभा राही. हौशी खेळाचे खरे लक्षण हे, कारण हरणाराही येथे बेकार होत नाही.

सारेच गरिबीत चालले होते असे मात्र समजू नये. गोंडलच्या राजघराण्याच्या परदेशी गाड्या शोलावरमला धावल्या. विजय मल्ल्यांनी फॉर्म्युला वनमधून निवृत्त झालेली एन्साइन गाडी तेथे आणली. मूठभरांपाशी असली यंत्रे आणि बाकीच्यांपाशी फियाट, हा विषम सामना वर्षानुवर्षे चालला. या विषमतेवर उतारा काढला तो कोइंबतूरच्या एस. करिवर्धन यांनी. सर्वांना सारखी, स्वस्त, एका माणसाची शर्यतीची गाडी त्यांनी येथेच घडवली. तिला इंजिन लावले मारुती ८०० चे, आणि नाव पडले ‘फॉर्म्युला मारुती’. २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय, नारायण कार्तिकेयन, याच गाडीतून पुढे आला.

ही मारुती १९८३ पासून दिल्लीजवळ गुडगाव येथे बनू लागली होती. त्याच वर्षी दिल्लीच्या दुसऱ्या अंगाला, फरिदाबाद येथे, एस्कॉर्ट्सने यामाहाच्या नमुन्यावर राजदूत ३५० ही दुचाकी काढली. बाजारात ती फारशी चालली नाही. पेट्रोल फार पिते म्हणून गिऱ्हाईक कुरकुरे. परंतु शर्यतवाल्यांनी तिला डोक्यावर घेतले. म्हणजे देशातील हौशी शर्यतींना चारचाकीचे आणि दुचाकीचेही उत्तम इंजिन दिल्लीच्या परिसराने पुरविले. मैदान मात्र दिल्लीपाशी नव्हते. येथे विमानतळे होती, पण ती राजधानीची. पालम किंवा सफदरजंग कोणा क्लबाला रविवारपुरते कोण देईल? दिल्लीचा मोटारछंद त्यामुळे रस्त्याचाच राहिला. १९६४ पासून ‘स्टेट्समन’ वृत्तपत्राने येथे जुन्या मोटारींचा मेळावा सुरू केला. १९६८ च्या लंडन–सिडनी दौडीत निघालेल्या ९८ गाड्या युरोप आणि अफगाणिस्तान ओलांडून दिल्लीकडे आल्या आणि दिल्लीहून आग्रा, इंदूर या वाटेने मुंबईला गेल्या. मुंबईला ७२ पोहोचल्या आणि बोटीत चढल्या. १९०४ च्या स्पर्धेची दोन टोकेच त्यांनी जोडली होती. फरक एवढाच की आता या टप्प्यासाठी पुरता एक दिवसही दिलेला नव्हता. पुढे १९८० मध्ये मुंबईच्या नझीर हुसेन यांनी हिमालयन रॅली सुरू केली आणि ती १९९० पर्यंत चालली. या सर्वांत दिल्ली हे निघण्याचे किंवा वाटेवरचे ठिकाण. हंगामभर परतून येण्याचे ठिकाण नव्हे.

शोलावरमच्या मंडळींनी यातला धोका ओळखला. उसनी धावपट्टी आज आहे, उद्या नाही. त्यांनी श्रीपेरुम्बुदूरजवळ इरुंगाट्टुकोट्टै येथे क्लबाच्या नावाने जमीन घेतली आणि १९९० मध्ये तेथे सुमारे ३.७ किलोमीटरचा स्वतःचा धावमार्ग खुला केला. हौशी सभासदांच्या संस्थेने असे धाडस करावे हे विलक्षण म्हटले पाहिजे. करिवर्धन १९९५ मध्ये हलक्या विमानाच्या अपघातात गेले. त्यांच्या नावाचा धावमार्ग २००३ मध्ये कोइंबतूरजवळ तयार झाला. देशाच्या हौशी शर्यतींचे अजिंक्यपद पुढील वर्षांत मुख्यतः या दोन ठिकाणी लढले गेले. उत्तरेकडील मुलाला शर्यत खेळावयाची तर गाडी आगगाडीत किंवा ट्रकवर घालून दक्षिण गाठावी लागे.

मग २०११ मध्ये दिल्लीलाही मैदान मिळाले, आणि तेही केवढे! ग्रेटर नोएडा येथे जेपी समूहाने हेर्मान टिल्के या जर्मन वास्तुविशारदाकडून बुद्ध आंतरराष्ट्रीय धावमार्ग बांधवून घेतला. लांबी सुमारे ५.१ किलोमीटर. ३० ऑक्टोबर २०११ रोजी तेथे भारतातील पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली. २०११, २०१२, २०१३ या तिन्ही वर्षी जर्मनीचा सेबास्टियन फेटल जिंकला. चौथी शर्यत झालीच नाही. उत्तर प्रदेश सरकारने हा खेळ नसून करमणूक आहे असे धरून करमणूक कर लावला, प्राप्तिकराचा वेगळा तंटा उद्भवला, आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयोजक परदेशी कंपनीवर येथील कर बसतो असा निर्णय दिला. २०२० मध्ये यमुना एक्स्प्रेसवे प्राधिकरणाने थकबाकीपोटी त्या जमिनीचे वाटपच रद्द केले. २०२३ च्या सप्टेंबरात तेथे दुचाकींची जागतिक शर्यत एकदा झाली.

सरकारी दप्तरात या प्रकरणाला करवसुलीचे महत्त्व असेल. हौशी खेळाडूच्या दृष्टीने निराळीच गोष्ट ध्यानात येते. हा धावमार्ग त्याच्यासाठी बांधलेलाच नव्हता. लक्षावधी रुपये भाड्याची जागा, हजारोंनी माणसे बसतील असे सज्जे, आणि खाली दहा-पंधरा छोट्या गाड्यांची शर्यत पाहावयास मित्र आणि आईबाप. राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या फेऱ्या तेथे झाल्या, नाही असे नाही. परंतु त्या टायर कंपनीसारख्या धनकोच्या आश्रयाने, भाड्याच्या दिवसांत उरकलेल्या. या मार्गामागे मोठी कंपनी होती आणि प्राधिकरण होते, पण हंगामभर तेथे राबणारा क्लब नव्हता. म्हणून मालक अडचणीत आला तेव्हा खेळाची बाजू मांडावयास कोणी उरले नाही. मद्रासच्या धावमार्गाची भव्यता याच्या पासंगाला पुरणार नाही, तरी तेथे वळणावर निशाण धरणारा माणूस त्या जमिनीच्या मालकांपैकी एक असू शकतो.

महाराष्ट्रात मोठा धावमार्ग झालाच नाही. कोल्हापूरजवळ, म्हणजे हिंदूरावांच्या कागलपासूनही फार दूर नाही अशा मुलखात, मोहिते मंडळींनी कार्टिंगचा लहान पक्का मार्ग बांधला आणि राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या तेथे होऊ लागल्या. सरळ रेषेत वेग आजमावणाऱ्यांसाठी लोणावळ्याजवळ अ‍ॅम्बी व्हॅलीची खाजगी धावपट्टी गेल्या दशकात आठवड्याअखेरीस भाड्याने मिळू लागली. मुंबई-पुण्याची मुले तेथे आपल्या गाड्या घेऊन जात, पाव मैलाची वेळ टिपून घेत, आणि रविवारी संध्याकाळी पट्टी झाडून परत देत.