टाकाऊ कागदांची साक्ष

राजाचे फर्मान दप्तरखान्यात जपून ठेवले जाते. साबणाच्या वडीचे वेष्टन त्याच दिवशी केरात जाते. म्हणून राजाने काय आज्ञा केली हे पुढील पिढ्यांना कळते, प्रजा कशाने हात धूत होती हे मात्र कळत नाही. इतिहासातील ही उणीव ज्यांना तीव्रतेने जाणवली, त्यांत जॉन जॉन्सन या इंग्रज विद्वानांची गणना अग्रभागी केली पाहिजे.

जॉन्सन हे मूळचे प्राचीन पपायरसांचे अभ्यासक. १९१३-१४ साली ईजिप्तमधील अँटिनोई येथे त्यांनी जुने उकिरडे उपसले आणि तेथे ग्रीक कवी थिऑक्रिटस याच्या काव्याचे हस्तलिखित त्यांच्या हाती लागले. परक्या संस्कृतीचा केर इतक्या निगुतीने निवडावा आणि स्वदेशातील कालचा कागद मात्र खुशाल जाळावा, ही विसंगती त्यांच्या मनाला लागली. पुढे १९२५ ते १९४६ पर्यंत ते ऑक्सफर्ड विद्यापीठाचे मुद्रक होते. त्या काळात त्यांनी जाहिराती, तिकिटे, दुकानांची बिले आणि वेष्टने यांचा प्रचंड संग्रह उभारला. १९६८ साली तो बोडलियन ग्रंथालयात आला. आज त्यातील वस्तूंची संख्या दहा लाखांहून अधिक भरते.

जॉन्सन यांनी सामान्यतः १९३९ ही आपल्या संग्रहाची सीमा मानली होती. त्यापुढील काळातील घरगुती वस्तू जमविणाऱ्यांत रॉबर्ट ओपी यांचे नाव विशेष. १९६३ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, इन्व्हर्नेस स्थानकावरील यंत्रातून घेतलेला खाऊ त्यांनी खाल्ला. पण हा कागद फेकला तर तो कायमचा नाहीसा होईल, या विचाराने वेष्टन खिशात ठेवले. त्यांचे आईवडील मुलांची गाणी आणि खेळ संकलित करीत. जे कोणी टिपून ठेवीत नाही तेच टिपावे, हा संस्कार घरचाच होता. १९८४ साली ग्लॉस्टर येथे त्यांचे संग्रहालय उघडले. पुढे ते लंडनला गेले.

परंतु जाहिरात हा साक्षीदार भोळा नव्हे. लोकांजवळ काय होते यापेक्षा त्यांना काय हवेसे वाटावे, हेच ती सांगते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये कित्येक जिन्नस दुकानांतून नाहीसे झाले होते; तरी नाव विस्मरणात जाऊ नये म्हणून त्यांच्या जाहिराती चालूच राहिल्या. केवळ त्या पाहणाऱ्याला वाटावे की, घरोघरी सुबत्ता नांदत होती. शेजारी शिधापुस्तिका ठेवली की भ्रम फिटतो: तेथील अन्नाचे नियंत्रण १९४० साली सुरू झाले ते १९५४ साली संपले. म्हणून जाणता संग्राहक जाहिरातीबरोबर बिलही जपतो. तो चित्र कापून घेत नाही, अंकच्या अंक ठेवतो. कारण कापलेल्या चित्राबरोबर त्याची तारीख आणि शेजारचा मजकूरही जातो.

ही दक्षता अनेक ग्रंथालयांनीही घेतली नाही. नियतकालिकांचे खंड बांधताना मुखपृष्ठे व जाहिरातींची पाने काढून टाकण्याची रीत होती. लेख उरले, बाजार हरवला. मराठीपुरते पाहिले तरी हानी लहान नाही. बेळगावात सुरू झालेला किर्लोस्करांचा उद्योग १९१० साली किर्लोस्करवाडीस गेला आणि तेथून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघाली. कारखान्याच्या पोटी जन्मलेल्या या मासिकात जाहिरात हे उपरे पान नव्हते. मराठी घरात यंत्रयुग कोणत्या वाटेने शिरले, याची ती नोंदच होती.

बेळगाव, इंदूर, बडोदे वा हैदराबाद येथील जुन्या मराठी घरांच्या माळ्यांवर अशा अंकांचे गठ्ठे, किराण्याच्या याद्या आणि रंगीत डबे अद्यापि सापडू शकतात. घर बदलताना ते प्रथम रद्दीवाल्याच्या तराजूत पडतात. तेथे कागदाला वजनाची किंमत मिळते. पण आजी कोणत्या वस्तूपाशी थबकली आणि पैसे मोजून अखेर काय घेऊन घरी परतली, ही हकीकत त्याच तराजूत विकली जाते.