मीठ, गंज आणि हिवाळ्याची जुनी गाडी

उत्तर अमेरिकेतील पंचमहासरोवरांचा परिसर, न्यू इंग्लंडची राज्ये आणि कॅनडाचे ऑन्टारियो व क्वेबेक हे प्रांत यांमध्ये हिवाळ्यापुरती म्हणून एक स्वस्त, जुनी, पण ऐन वेळी दगा न देणारी गाडी घेऊन ठेवण्याची रीत दुसऱ्या महायुद्धानंतर हळूहळू रुजली. चांगली गाडी नोव्हेंबरात गॅरेजमध्ये झाकून ठेवायची, एप्रिलपर्यंतची सारी दगदग या दुय्यम गाडीवर काढायची आणि ती पुरती सडली की भंगारात द्यायची, असा हा व्यवहार. ज्यांना दोन गाड्या परवडत नाहीत त्यांची तर ही जुनी गाडी हीच एकमेव गाडी असते, आणि तिची निवड चुकली की रोज कामावर वेळेत पोहोचण्याचाच प्रश्न उभा राहतो. या रीतीचे मूळ बर्फात असावे असे वरवर वाटते. परंतु तिचा इतिहास नीट तपासला तर ते बर्फापेक्षा मिठात, म्हणजे रस्त्यावरचा बर्फ वितळवण्यासाठी सरकारी यंत्रणांनी टाकायला सुरुवात केलेल्या मिठात, अधिक सापडते.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत हिवाळ्यात मोटार चालवणे हाच अपवाद होता. १९०८ साली बाजारात आलेली फोर्डची मॉडेल टी बहुधा उघड्या टपाची असे, तिच्या रेडिएटरमधले पाणी गोठून इंजिन फुटण्याची भीती असे आणि थंडीने घट्ट झालेल्या तेलामुळे हँडल मारून ती सुरू करणे इतके अवघड होई की अनेक मालक मागचे एक चाक जॅकवर उचलून मगच हँडलला हात घालीत. त्यामुळे थंडी पडताच पाणी काढून टाकायचे, गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढवायची आणि वसंतापर्यंत तिच्याकडे पाहायचे नाही, हाच शहाणपणा मानला जाई. रस्तेही गाड्यांसाठी मोकळे केले जात नसत. घोड्यांच्या घसरगाड्या नीट चालाव्यात म्हणून अनेक ठिकाणी बर्फ उपसण्याऐवजी मोठ्या लाकडी रुळांनी तो दाबून घट्ट केला जात असे. १९१२ साली कॅडिलॅकमध्ये विजेचा स्टार्टर आला, विसाच्या दशकात बंद टपाच्या गाड्यांनी उघड्या गाड्यांना मागे टाकले आणि १९२७ च्या सुमारास इथिलीन ग्लायकॉल हे पाण्याचा गोठणबिंदू खाली नेणारे द्रव्य डब्यांतून विकले जाऊ लागले, तेव्हा कुठे गाडी वर्षभर वापरण्याची वस्तू झाली.

याच काळात जुन्या गाडीचा बाजारही उभा राहिला. जनरल मोटर्सने १९१९ साली हप्त्यांवर गाडी देण्यासाठी स्वतंत्र कंपनी काढली, पुढे जनरल मोटर्सचे प्रमुख आल्फ्रेड स्लोन यांच्या धोरणाने दरवर्षी नवे मॉडेल आणण्याचा पायंडा पडला, आणि नवी गाडी घेताना जुनी विक्रेत्याकडे देऊन तिची किंमत वळती करून घेण्याची सोय सर्रास झाली. परिणामी विक्रेत्यांच्या आवारात जुन्या गाड्यांचे ढीग साचले आणि त्यांची किंमत ठरवायची कशी हा प्रश्न निर्माण झाला. लॉस एंजेलिसचे विक्रेते लेस केली यांनी १९२६ साली काढलेली भावपुस्तिका हे त्याचे एक उत्तर होते. मात्र अशा पुस्तिकेत मॉडेल आणि साल यांवरून भाव कळे. त्या विशिष्ट गाडीने हिवाळे कोणत्या रस्त्यांवर काढले हे कळत नसे, आणि पुढे नेमकी तीच गोष्ट निर्णायक ठरणार होती.

महायुद्धापूर्वी रस्त्यांवर प्रामुख्याने वाळू आणि राख टाकली जाई. ती बर्फ वितळवत नसे, केवळ चाकांना पकड देई, आणि वाळू गोठून तिचे गोळे होऊ नयेत एवढ्यापुरतेच तिच्यात थोडे मीठ मिसळत. न्यू हॅम्पशायर राज्याने १९३८ च्या हिवाळ्यात रस्त्यावर थेट मीठ टाकण्याचा प्रयोग केला. १९४१-४२ च्या हिवाळ्यात साऱ्या अमेरिकेत मिळून सुमारे ५,००० टन मीठ महामार्गांवर पडले होते; १९५५ पर्यंत हा आकडा १० लाख टनांवर गेला आणि त्यानंतरच्या पंधरा वर्षांच्या आत तो १ कोटी टनांच्या आसपास पोहोचला. यामागे युद्धोत्तर काळात शहरांनी आणि राज्यांनी स्वीकारलेले एक धोरण होते. हिमवर्षाव थांबल्यावर काही तासांत रस्त्याचा काळा पृष्ठभाग उघडा दिसला पाहिजे, ही अपेक्षा त्यात होती. उपनगरांतून रोज गाडीने कामावर जाणारी लोकसंख्या वाढली होती, वेळेवर मोकळा न झालेला रस्ता हा निवडणुकीतला मुद्दा होऊ लागला होता, आणि मीठ स्वस्त व मुबलक होते. मोटारींची राजधानी म्हणवणाऱ्या डेट्रॉइट शहराच्या खालीच सुमारे ३५० मीटर खोलीवर मिठाचे थर पसरलेले असून तिथली खाण १९१० साली सुरू झाली; ज्या शहरात गाड्यांचा पत्रा ठोकला जाई त्याच शहराच्या पोटातून तो पत्रा खाणारे द्रव्य बाहेर निघत होते.

मिठाने अपघात कमी झाले, रुग्णवाहिका वेळेवर पोहोचू लागल्या, हे नाकारता येणार नाही. परंतु या सोयीची किंमत कोणी मोजली, याचा विचार फार उशिरा झाला. मीठ टाकण्याचा खर्च सरकारी अंदाजपत्रकात दिसे. गंजाचा खर्च लाखो खाजगी घरांत विखुरलेला असल्याने कुठल्याच हिशेबात दिसत नसे. त्यातही नवी गाडी घेऊन चार वर्षांनी ती बदलणाऱ्या मालकाला त्याची झळ फारशी लागत नसे. सडलेला पत्रा वाट्याला येई तो गाडी तिसऱ्या किंवा चौथ्या हाताने घेणाऱ्याच्या, म्हणजे ज्याच्याकडे दुरुस्तीला सर्वांत कमी पैसा असे त्याच्या. स्वस्त रस्तासफाईचे ओझे अशा रीतीने गरीब गिऱ्हाइकावर टाकले गेले, आणि जुनी गाडी पारखण्याची जी विद्या या प्रदेशात तयार झाली ती त्या ओझ्याखालीच तयार झाली.

ही विद्या समजण्यासाठी गंजाची प्रक्रिया थोडी पाहावी लागते. लोखंडाला गंज चढायला पाणी आणि प्राणवायू पुरतात; मीठ पाण्याची वीजवाहकता वाढवून ती रासायनिक क्रिया कित्येक पटींनी वेगवान करते आणि हवेतील ओलावा धरून ठेवून पत्रा वाळू देत नाही. मिठाचे संपृक्त पाणी उणे २१ अंश सेल्सियसपर्यंत द्रव राहू शकते, म्हणून बाकी सारे गोठलेले असतानाही ते पत्र्याच्या सांध्यांत झिरपत राहते. शिवाय उष्णतेने गंजाचा वेग वाढतो, त्यामुळे मिठाचा चिखल घेऊन आलेली गाडी रोज रात्री उबदार गॅरेजमध्ये उभी करणारा मालक तिचे आयुष्य वाढवण्याऐवजी घटवत असतो. गाडी सदैव गॅरेजमध्ये ठेवलेली आहे, ही विक्रेत्याची फुशारकी जाणत्या गिऱ्हाइकाला म्हणूनच फारशी भुलवत नाही.

अशा गिऱ्हाइकाची तपासणी इंजिनापासून नव्हे तर गाडीच्या पोटापासून सुरू होते. दाराखालची पट्टी, चाकावरच्या कमानी आणि मडगार्डचा मागचा कोपरा या जागी चिखल साठतो, म्हणून तिथे प्रथम गंज धरतो. तो झाकण्यासाठी पुट्टी भरून वर रंग मारलेला असेल तर लहानसे लोहचुंबक तिथे चिकटत नाही. त्यानंतर गाडीखाली शिरून जॅक लावण्याच्या जागा, चेसिसच्या तुळया आणि शॉक ॲब्सॉर्बरचे वरचे टोक ज्यात बसते ते पत्र्याचे बुरूज स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहायचे. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, सडलेला बद्द वाजतो आणि कधी कधी मूठच आत जाते. पायाखालचे कार्पेट उचलून ओल पाहायची, ब्रेकच्या नळ्यांवर खवले आले आहेत का ते बोटाने चाचपायचे. जुन्या गाडीच्या पोटाला ताजा काळा रंग फासलेला दिसला तर तो मालकाच्या काळजीची नव्हे, तर लपवाछपवीची खूण मानायची. बाहेरून कुरूप, ठिकठिकाणी चेपलेली, पण पोटाने कोरडी असलेली गाडी चकचकीत गाडीपेक्षा श्रेष्ठ, हा या परीक्षेचा गाभा आहे. बॅटरी, हीटर आणि काचेवरचे धुके घालवणारी हवा यांची तपासणी यानंतर येते, कारण ते भाग बदलता येतात. चेसिस बदलणे गाडीच्या किमतीपलीकडे जाते.

सत्तरच्या दशकात ही वैयक्तिक विद्या सार्वजनिक तक्रारीत बदलली. डेट्रॉइटमध्ये १९५९ साली कुर्ट झीबार्ट यांच्या नावाने सुरू झालेला, पत्र्याच्या पोकळ्यांत मेणचट लेप फवारण्याचा धंदा तोवर चांगला पसरला होता. पण गाडी विकत घेतल्यावर पुन्हा पैसे मोजून ती टिकाऊ करावी लागणे हेच मुळात अन्यायाचे आहे, असे म्हणणारे लोक आता पुढे आले. कॅनडात फिल एडमन्स्टन यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस मोटारग्राहकांची संघटना स्थापन केली, गंजलेल्या फोर्ड गाड्यांच्या मालकांना एकत्र आणले आणि जुन्या गाड्यांतील निवडक व टाकाऊ मॉडेलांची माहिती देणारी पुस्तके वर्षानुवर्षे काढली. १९८० च्या सुमारास कॅनडात उत्पादकांसाठी गंजप्रतिबंधाची संहिता तयार झाली, तिच्यात किती वर्षे पत्र्याला भोक पडता कामा नये याची मुदत घातली गेली. विजेच्या साह्याने प्राथमिक रंगाचा थर चढवण्याची पद्धत आणि दोन्ही बाजूंनी जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा यांमुळे ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धापासून गाड्यांचे आयुष्य लक्षणीय वाढले.

जुन्या गाडीच्या बाजाराची सर्वांत गाजलेली मीमांसाही याच काळातली आहे. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात असे मांडले की गाडीचे दोष विक्रेत्याला ठाऊक असतात आणि गिऱ्हाइकाला नसतात, त्यामुळे गिऱ्हाईक सरासरी दर्जाचीच किंमत देऊ करते, त्या किमतीत चांगल्या गाडीचा मालक ती विकायला तयार होत नाही, आणि बाजारात वाईट माल उरत जातो. या विचारासाठी त्यांना २००१ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. पुढे १९७२ च्या अमेरिकी कायद्याने किलोमीटर वा मैल दाखवणारा काटा मागे फिरवण्यास बंदी घातली आणि १९८५ पासून विक्रेत्याला गाडीवर हमी आहे की नाही हे खिडकीवर लिहून लावणे सक्तीचे झाले. तथापि, मिठाच्या प्रदेशात गिऱ्हाइकांनी स्वतःच एक तोडगा काढला होता. कागदपत्रांवरून गाडी दक्षिणेकडच्या, मीठ न पडणाऱ्या राज्यांत वाढली आहे असे दिसले तर तिला जास्त भाव मिळे, म्हणजे विक्रेत्याच्या शब्दापेक्षा गाडीच्या गावावर विश्वास ठेवला जाई.

कोणत्या गाड्या या कसोटीस उतरल्या, याचा क्रम त्या त्या काळच्या तंत्रज्ञानाप्रमाणे बदलत गेला. पन्नास-साठच्या दशकांत फोक्सवॅगनच्या बीटलला मान होता, कारण तिचे इंजिन हवेने थंड होत असल्याने गोठायला पाणीच नव्हते आणि इंजिनाचा भार मागच्या, चालणाऱ्या चाकांवर येत असे. हीटर दुबळा असणे आणि जमिनीचा पत्रा सडणे ही तिची उणी बाजू. स्वीडनच्या साबने १९४७ साली दाखवलेल्या पहिल्या गाडीपासूनच पुढच्या चाकांना शक्ती दिली होती; मात्र ती कंपनी २०११ च्या डिसेंबरात दिवाळखोरीत गेली आणि तिच्या जुन्या गाड्या घेणाऱ्याला सुट्या भागांचा विचार आधी करावा लागू लागला. १९७४ ते १९९३ पर्यंत बनलेली व्होल्वो २४० ही मागच्या चाकांवर चालणारी असूनही जड, साधी आणि चिवट म्हणून न्यू इंग्लंडमध्ये टिकून राहिली. चारही चाकांना शक्ती देणारी सुबारू मात्र थेट बर्फातच जन्मली. उत्तर जपानमधील तोहोकू वीज कंपनीला डोंगरातील तारांची देखभाल करणाऱ्या कामगारांसाठी जीपपेक्षा उबदार वाहन हवे होते, त्या मागणीतून १९७१ साली नमुने तयार झाले आणि १९७२ साली चारही चाकांना शक्ती देणारी लिओन विक्रीस आली. नव्वदच्या दशकाच्या अखेरच्या सुबारूंच्या अडीच लिटर इंजिनाची हेड गॅसकेट गळते, हे पुढे जुनी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाने विचारण्याचे झाले. किती चाकांना शक्ती मिळते यापेक्षा टायर कोणते आहेत याला अधिक महत्त्व आहे, हे सत्य मात्र उशिरा मान्य झाले: सुमारे ७ अंश सेल्सियसच्या खाली साधे रबर कडक होते, म्हणून क्वेबेकने २००८ च्या हिवाळ्यापासून हिवाळी टायर कायद्याने बंधनकारक केले.

अमेरिकेच्या १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर डेट्रॉइट, शिकागो या पट्ट्यात स्थिरावलेल्या मराठी अभियंत्यांचा आणि डॉक्टरांचा संबंध याच रस्त्यांशी आला. १९८१ साली शिकागोत उत्तर अमेरिकेतील मराठी मंडळांचे बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले तेव्हा तिथला रस्ता मिठाच्या युगात पुरता शिरलेला होता, आणि कोकणच्या खाऱ्या वाऱ्याने खिडकीचे गज कसे खाल्ले जातात हे ठाऊक असलेल्यांनाही गाडी खालून पाहण्याची ही सवय तिथेच लावून घ्यावी लागली.

स्वस्त गाड्यांचा पुरवठा एकविसाव्या शतकात आटला. २००९ साली अमेरिकी सरकारने जुन्या गाड्या मोडीत काढण्यासाठी अनुदान दिले, त्यात सुमारे ६,७७,००० गाड्यांच्या इंजिनांत सोडियम सिलिकेटचे द्रावण ओतून ती कायमची निकामी करण्यात आली. २०२१ च्या जूनपर्यंतच्या एका वर्षात, नव्या गाड्यांना लागणाऱ्या संगणकीय चिपांच्या टंचाईमुळे, जुन्या गाड्यांचे भाव ४५ टक्क्यांनी वाढले. त्याच वेळी गंजही दिसेनासा झाला. जस्ताच्या मुलाम्याने बाहेरचा पत्रा सुरक्षित राहू लागला, पण चेसिस आणि ब्रेकच्या नळ्या आतून कुजत राहिल्या. टोयोटाच्या पिकअप गाड्यांच्या चेसिसबाबतचा, सुमारे १५ लाख वाहनांना लागू झालेला समझोता २०१६ साली झाला, तेव्हा चेसिसला १० मिलिमीटर वा त्याहून मोठे भोक पडलेले आढळले तर ती विनामूल्य बदलून देण्याचे ठरले. ही सवलत गाडी प्रथम रस्त्यावर आल्यापासून १२ वर्षे, किंवा समझोत्याला अंतिम मंजुरी मिळाल्यापासून एक वर्ष, यांपैकी जे नंतर येईल तोवर होती. १९७० साली अमेरिकेतील मोटारींचे सरासरी वय ५ ते ६ वर्षे होते. २०२४ साली ते १२.६ वर्षे झाले, म्हणजे आज रस्त्यावर असलेल्या गाड्यांचा मोठा हिस्सा अशा कोणत्याही हमीच्या मुदतीबाहेर आहे, आणि त्या गाड्या घेणाऱ्याला तपासणीसाठी अजूनही स्क्रूड्रायव्हर आणि टॉर्च घेऊन स्वतःच गाडीखाली शिरावे लागते.