मूळ प्रत आणि निळी प्रत

छायाचित्रणाचा इतिहास म्हणून जे लिहिले जाते तो बहुधा छापील प्रतींचा इतिहास असतो. भिंतीवरची तसबीर, अल्बममधले पान, संग्रहालयातील चौकट हे सारे नजरेसमोर असते. ज्या निगेटिव्हमधून ते उतरले ती कुठे तरी गहाळ झालेली असते, आणि तिची आठवण कोणी काढत नाही. निगेटिव्ह म्हणजे कॅमेऱ्याने दिलेली एक मुकी वस्तू, तिला स्वतःचे मत नसते, असा आमचाही समज होता. मुकुटबनच्या आजोळघरी एका जुन्या तसबिरीवरून नवी निगेटिव्ह करण्याची वेळ आली तेव्हा या समजाला तडा गेला.

मुकुटबन हे यवतमाळ जिल्ह्यातील झरी जामणी तालुक्यातले, माजरी-आदिलाबाद लोहमार्गावरचे गाव. दक्षिणेस पैनगंगा, तिच्या पलीकडे तेलंगण. वर कापसाची काळी जमीन आणि खाली चुनखडीचे थर. २०२२ पासून येथे मोठा सिमेंट कारखानाही सुरू झाला आहे. चुनखडीचा उल्लेख भूगोलाची हौस म्हणून केलेला नाही, हे पुढे लक्षात येईल. तसबीर होती आजी-आजोबांची, वणीच्या एका स्टुडिओत १९६० च्या दशकात काढलेली. निगेटिव्ह केव्हाच गेलेली. उरलेल्या एकुलत्या प्रतीला कसर लागलेली, आजीचा चेहरा फिकटलेला, आणि कपाळावरचे गोंदण जवळजवळ पुसलेले. आजीचे दुसरे छायाचित्र अस्तित्वात नाही.

या तसबिरीच्या प्रती भावंडांत वाटायच्या असे ठरले. कोपऱ्यावरच्या दुकानात रंगीत प्रत पाच मिनिटांत निघाली असती. परंतु आमच्यापैकी एकाला सायनोटाइपचे वेड लागले होते, आणि सायनोटाइपला निगेटिव्ह लागते.

सायनोटाइपची कृती जॉन हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने १८४२ साली प्रसिद्ध केली. ‘निगेटिव्ह’ आणि ‘पॉझिटिव्ह’ हे शब्द छायाचित्रणात रूढ करणारेही तेच. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरीसायनाइड या दोन द्रावणांचे मिश्रण कागदावर फासायचे, अंधारात वाळवायचे, वर निगेटिव्ह ठेवून काचेखाली दाबायचे आणि उन्हात ठेवायचे. जेथे ऊन पोचते तेथे लोहक्षाराचे रूपांतर होऊन प्रशियन निळा रंग तयार होतो. जेथे पोचत नाही तेथील द्रावण पाण्याने धुऊन जाते. चांदी नाही, डार्करूम नाही. मात्र या कागदाला दिव्याचा साधा उजेड पुरत नाही, अतिनील किरणच लागतात. त्यामुळे एन्लार्जरचा उपयोग होत नाही, आणि जेवढी प्रत हवी तेवढ्याच आकाराची निगेटिव्ह कागदाला चिकटून ठेवावी लागते. गम बायक्रोमेट, प्लॅटिनम, सॉल्ट प्रिंट या सर्व जुन्या पद्धतींची हीच अट आहे. आज त्यांना ‘ऑल्टरनेटिव्ह’, म्हणजे पर्यायी, म्हटले जाते. एकोणिसाव्या शतकात त्या कशाला पर्याय होत्या, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

तेव्हा मोठ्या निगेटिव्हसाठी मोठाच कॅमेरा लागे. मुंबई सरकारने १८५५ मध्ये कॅप्टन थॉमस बिग्ज यांना विजापूर, बदामी, ऐहोळे येथील वास्तूंची छायाचित्रे घेण्यास नेमले तेव्हा ते कागदी निगेटिव्हवर काम करीत होते. कागदाची निगेटिव्ह म्हणजे कागदाचे तंतू प्रतीत उतरणार. म्हणून तिला मेण लावून पारदर्शक करीत. काही छायाचित्रकार तिच्यावर पेन्सिलीने वा रंगाने हातही फिरवीत. आकाश डागाळले तर मागून काळा रंग भरायचा, की प्रतीत ते स्वच्छ पांढरे येई. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी तिच्या आरंभीच्या सभासदांपैकी, आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तर स्वतः छायाचित्रकार. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला, त्यातून शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत स्टुडिओ थाटला. या मंडळींच्या दृष्टीने निगेटिव्ह ही हाताने सिद्ध करण्याची वस्तू होती. कारखान्यातून डबाबंद फिल्म येऊ लागल्यावर हा हात सुटला.

पण तो सर्वत्र सुटला नाही, आणि आमच्या मते येथेच इतिहासकारांची नजर चुकली आहे. स्टुडिओ सोडून कचेऱ्यांकडे पाहावे. १८६० च्या सुमारास इंग्लंडच्या नकाशा खात्यात फोटोझिंकोग्राफीची पद्धत सिद्ध झाली: बायक्रोमेट मिसळलेल्या जिलेटिनचा लेप कागदावर द्यायचा, निगेटिव्हखाली तो उजेडात धरायचा, आणि तयार झालेली रेखा स्निग्ध शाईने जस्ताच्या पत्र्यावर उतरवून छापायची. पुण्यात सरकारी फोटोझिंको कार्यालय निघाले आणि मुंबई इलाख्याचे नकाशे तेथे छापले जाऊ लागले. फोटोझिंको हा शब्द पुण्याच्या सरकारी मुद्रणालयाच्या नावात टिकून राहिला. गम बायक्रोमेटच्या ज्या छापांना आज कलादालनात मान मिळतो, त्यांचे रसायन जमीन महसुलाच्या कामी असे राबत होते.

सायनोटाइपचेही तसेच. कलावंतांनी त्या निळाईकडे दीर्घकाळ नाक मुरडले; अभियंत्यांनी ती १८७० च्या दशकापासून डोक्यावर घेतली. आरेखकाने ट्रेसिंग क्लॉथवर काळ्या शाईने पुलाचा आराखडा काढायचा, तो निळ्या कागदावर ठेवून उन्हात धरायचा, की निळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेषा उमटत. हीच ‘ब्ल्यूप्रिंट’. विसाव्या शतकात अमोनियाच्या वासाच्या प्रतींनी तिला हटवले, तरी शब्द राहिला. आज मंत्री कशाचीही ब्ल्यूप्रिंट जाहीर करतात आणि निळा कागद कोणी पाहिलेला नसतो. या व्यवहारात उन्हाला अडवणारी शाई आणि तिला धरणारा पारदर्शक पत्रा ही जोडी आरेखकाच्या हातची होती. कॅमेरा त्यात कुठेच नव्हता.

हा धागा हाती धरला की इंकजेट निगेटिव्ह कोणाच्या वंशातली आहे ते कळते. अमेरिकी छायाचित्रकार डॅन बर्खोल्डर यांचे डिजिटल निगेटिव्हविषयीचे पुस्तक १९९५ साली आले. आरंभी अशा निगेटिव्ह छपाई व्यवसायातील इमेजसेटरवर काढून घ्याव्या लागत. पुढे घरगुती इंकजेट प्रिंटर आणि त्याची शाई धरून ठेवणारी पारदर्शक फिल्म मिळू लागल्यावर २००० च्या दशकात हे काम टेबलावर आले. त्याच सुमारास कारखान्याची फिल्म आटत चालली होती. आपल्याकडे उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची ‘इंदू’ फिल्म एकेकाळी गावोगावच्या स्टुडिओंत असे. तो कारखाना बंद करण्याचा निर्णय २०१४ मध्ये झाला. गोव्यात ‘गोवा सेंटर फॉर ऑल्टरनेटिव्ह फोटोग्राफी’ने जुन्या पद्धतींच्या कार्यशाळा घेतल्या, आणि पाहता पाहता सर्वांत जुने रसायन सर्वांत नव्या यंत्राच्या आश्रयाला आले.

यंत्र नवे असले तरी काम आरेखकाचेच आहे. तसबीर स्कॅन केली, संगणकावर तिचे काळे-पांढरे उलटे केले, डावे-उजवे फिरवले (शाईची बाजू कागदाला भिडावी म्हणून), आणि फिल्मवर छापली. पहिली प्रत चिखलासारखी आली. येथे दोन गोष्टी शिकाव्या लागल्या. एक म्हणजे डोळ्यांना काळी दिसणारी शाई अतिनील किरणांना तितकीच काळी असेल असे नाही. कित्येक प्रिंटरांत पिवळी किंवा हिरवट छटा त्या किरणांना अधिक अडवते, म्हणून निगेटिव्ह रंगीत छापावी लागते आणि डोळ्यांवर विश्वास ठेवून चालत नाही. दुसरी म्हणजे पडद्यावरच्या करड्या छटा आणि कागदावरच्या निळ्या छटा एकाच पायऱ्यांनी चढत नाहीत. त्यासाठी आधी कोऱ्या फिल्मखाली कागद ठेवून पूर्ण गडद निळा येण्यास कमीत कमी किती वेळ लागतो ते शोधायचे. मग काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांची पट्टी तेवढाच वेळ छापायची, कोणती पायरी कुठे घसरली ते मोजायचे, आणि त्या घसरणीच्या उलट दिशेने वळणारी दुरुस्तीची वक्ररेषा निगेटिव्हला लावायची. ही वक्ररेषा उसनी चालत नाही: प्रिंटर, शाई, कागद, पाणी, ऊन यांपैकी काहीही बदलले की नवी पट्टी.

पाण्याचा धडा मुकुटबननेच दिला. पुण्यात सुरेख आलेली निळाई येथे धुताना डोळ्यांदेखत उतरू लागली. आम्ही रसायनाला दोष दिला, कागदाला दिला, उन्हालाही दिला. कारण होते बोअरच्या पाण्यात. चुनखडीतून झिरपलेले पाणी अल्कधर्मी, आणि प्रशियन निळ्याला अल्क सोसत नाही. तो विरत जातो. पहिल्या धुण्याच्या पाण्यात थोडे लिंबूसत्त्व घातल्यावर निळा रंग स्थिरावला. गंमत अशी की कागद दीर्घकाळ टिकावा म्हणून उंची कागदांत चुन्याचाच अंश मिसळतात, आणि तोच कागद या चित्राचा वैरी ठरतो.

आता मूळ शंकेकडे. दुरुस्तीची वक्ररेषा हे रसायनाचे काम होते. तिच्याबद्दल कोणाची हरकत नव्हती. परंतु संगणकावर चित्र उघडलेच होते, तेव्हा कसरीची भोके बुजवावीत काय? बुजवली. आजोबांच्या कोटावरचा डाग काढावा काय? काढला. आणि आजीचे गोंदण? ते मूळ प्रतीत अंधुक होते, ते गडद करावे काय? येथे घरात दोन तट पडले. मावशीला ते स्पष्ट आठवत होते: मधोमध एक ठिपका, खाली तीन. मामाला आठवत होते दोनच.

साहित्याच्या अभ्यासकांना हा प्रसंग अनोळखी वाटणार नाही. शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली ती अशाच झिजलेल्या, हातोहात बदललेल्या प्रतींवरून. मूळ प्रत समोर नसताना शुद्ध करणारा कोणत्या अधिकाराने करतो हा पाठचिकित्सेचा जुना प्रश्न आहे, आणि स्मरणाला साक्ष मानावे की नाही हा त्याचाच पोटप्रश्न. छायाचित्रणात तो उद्भवत नाही असे मानले जाते, कारण निगेटिव्ह हा पुरावा समजला जातो. आमच्या हातातली निगेटिव्ह मात्र पुरावा नव्हती. ती एका प्रतीवरून केलेली प्रत होती, लेखनिकाच्या कामासारखी, त्याच्या सद्बुद्धीवर आणि चुकांवर उभी. प्रतींची प्रत करण्याचा या प्रांतातला सर्वांत करुण दाखला अजिंठ्याचा आहे. रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षे खपून लेण्यांतील चित्रांच्या प्रती केल्या, त्यांतील बहुतेक १८६६ मध्ये लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. पुढे जॉन ग्रिफिथ्स आणि जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांनी पुन्हा प्रती केल्या, त्यांतील अनेक १८८५ मध्ये लंडनलाच जळाल्या. भिंतीवरची मूळ चित्रे तेवढ्या काळात आणखी झिजली होती. आता त्या चित्रांतील एखाद्या हरवलेल्या तपशिलासाठी अभ्यासक उरलेल्या प्रतींकडे वळतो, तेव्हा प्रत काढणाऱ्याने काय पाहिले आणि काय भरून काढले हे वेगळे करता करता त्याच्या नाकी नऊ येतात.

हे घरात सांगून पाहिले. मावशीला अजिंठा पटला नाही. आपली आई कशी दिसत होती ते आगीत जळालेली चित्रे सांगणार काय, असे तिचे म्हणणे होते, आणि त्याला आमच्याकडे उत्तर नव्हते.

शेवटी दोन निगेटिव्ह झाल्या. एकीत गोंदण जसे होते तसे, अंधुक. दुसरीत मावशीच्या सांगण्याप्रमाणे चार ठिपके. पडद्यावर नव्हे, तर छापलेल्या फिल्मवर, बारीक सुईने शाई खरवडून, म्हणजे तेवढ्या जागी ऊन पोचेल आणि ठिपका निळा उठेल. सुई मावशीनेच धरली. दुसऱ्या फिल्मच्या कोपऱ्यात आम्ही तारीख आणि ‘गोंदण स्मरणावरून’ एवढी दोन अक्षरे लिहिली. काळ्या शाईने लिहिल्यामुळे ती प्रत्येक प्रतीत निळ्यावर पांढरी उमटतात. पहिल्या निगेटिव्हच्या प्रती मामाने नेल्या. दुसरीची एक प्रत मुकुटबनच्या घरात जुन्या तसबिरीशेजारी टांगली आहे, पश्चिमेच्या खिडकीपासून दूर, कारण तो निळा रंग ज्या उन्हाने येतो त्याच उन्हाने हळूहळू फिकटतोही.