दोन जबड्यांची नाळ

दर्यावर्दी जेम्स कुक कातडी होडी पाहून बुचकळ्यात पडला होता. १७७८ मध्ये त्याची जहाजे अलास्काच्या नैऋत्येकडील उनालास्का बेटावर थांबली. तिथल्या उनांगन, म्हणजेच अल्यूट लोकांच्या कयाकची नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, दुभंगलेली होती. खालचे टोक पाण्याच्या पातळीला, वरचे त्याच्याही पुढे आलेले. वाटेत येईल त्यात ही खाच अडकणार, मग ती ठेवली कशाला, हे कुकला उमगेना. अडकू नये म्हणून हे लोक दोन्ही टोकांमध्ये बारीक काडी बसवतात, हेही त्याने लिहून ठेवले आहे.

मला नादी लावले ते या काडीने. खाचेचा दोष कारागिरांना ठाऊक होता, त्यावर उपायही केलेला होता, तरी खाच काही बुजवली नाही!

रशियन व्यापारी कुकच्या आधीच इथे आले होते; त्यांनी होडीला ‘बैदार्का’ म्हटले आणि पाणमांजरांच्या फरसाठी उनांगनांना राबवून घेतले. ते सगळे बहुतेकांना माहीत असते. खाचेचे मात्र कोणी धड सांगत नाही.

काही अभ्यासकांना तिच्यात पाठीवर तरंगणारे पाणमांजर दिसते. असेलही. पण खाचेभोवती कातडे ताणून बसवणे सोपे काम नव्हे. समुद्रसिंहाचे कातडे बायका स्नायूंच्या धाग्याने शिवत, आणि जिथे टाका तिथे गळतीची भीती. बर्फगार समुद्रात जीव धोक्यात घालून निव्वळ शोभेसाठी कोणी जादा शिवण घेईल, हे मला पटत नाही.

दुसरे मत जास्त लोकप्रिय आहे: मोठ्या जहाजांच्या नाळेखाली जो गोल फुगवटा असतो, तो उनांगनांना आधीच सापडला होता. ऐकायला झकास. पण अमेरिकी नौदलाच्या डेव्हिड टेलरने ‘डेलावेअर’ युद्धनौकेला (१९१०) दिलेला फुगवटा पाण्याखाली राहून स्वतःची लाट उठवतो आणि नाळेची लाट त्या लाटेने दबते. कयाकचा खालचा जबडा म्हणजे अरुंद पाते. त्यात फुगवटा कुठला?

माझे उत्तर साधे आहे. नाळेकडून दोन उलट कामे हवी असतात: पाणी कापायला ती अरुंद हवी, आणि लाटेत घुसल्यावर वर उचलायला रुंद. एकाच टोकात दोन्ही बसवायचे तर तडजोड आली. उनांगनांनी कामे वाटून दिली. खालच्याने कापायचे, वरच्याने तरंगायचे. शिवाय या बेटांवर झाडे नाहीत. सांगाडा वाहून आलेल्या लाकडाचा. अशा ओंडक्यातून एक मोठी वळणदार नाळ कोरण्यापेक्षा दोन तुकडे जोडणे सोपे पडले असणार. हा माझा तर्क, पण होडीचा कणासुद्धा जोडकामाचा असे आणि सांध्यांत हाडाचे तुकडे बसवलेले असत. म्हणजे जोडकामात त्यांचा हात बसलेला होता. याच बेटांवर राहिलेल्या वेनियामिनोव या रशियन धर्मोपदेशकाने १८४० मध्ये लिहिले, की या होडीत गणितज्ञालाही फारशी सुधारणा करता येणार नाही. त्याच्यापुढे कुकचे कोडे मला फिके वाटते.

सेंट पीटर्सबर्गच्या कुन्स्टकामेरा संग्रहालयात जुन्या बैदार्का आहेत. कधी गेलात, तर बाजूने पाहून पुढे सरकू नका. बाजूने फक्त उघडा जबडा दिसतो. समोरून पाहा, म्हणजे वरचा भाग खालच्यापेक्षा किती रुंद आहे ते कळेल.