पीर कुठे गेला?

पावतीवर गावाचं नाव उमटलं ‘मंगरूळ’ आणि पुढे काळ्या चौकटीत प्रश्नचिन्ह. पीर गायब. नुसतं मंगरूळ म्हणून कसं चालेल? धामणगाव रेल्वे तालुक्यात मंगरूळ दस्तगीर बसलंय.

घरी येऊन मोजलं. ‘मंगरूळपीर’मध्ये काना-मात्रा-अनुस्वार धरून युनिकोडची नऊ चिन्हं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट, म्हणजे २७. रकाना वीस बाइटांचा असणार: ‘मंगरूळ’ने अठरा खाल्ले, उरलेल्या दोनात ‘प’ मावेना.

हा रकाना ‘कॅर’ प्रकाराचा. आमच्याकडे बरेच जण त्याला ‘चार’च म्हणतात. गंमत म्हणजे हा चार एकाच बाइटाचा, आणि ‘चार’ देवनागरीत लिहायला असे नऊ लागतात! त्याचं कूळ बेल लॅब्जमधलं. केन थॉम्सनच्या ‘बी’ भाषेत प्रकारच नव्हते. सगळा माल यंत्राच्या एका ‘वर्ड’मध्ये. पीडीपी-११ हे यंत्र आलं, त्यात प्रत्येक बाइटाला वेगळा पत्ता. मग १९७१मध्ये डेनिस रिचीने ‘बी’त अक्षरांसाठी हा प्रकार घातला. पुढे त्याची सी झाली, १९७३मध्ये युनिक्सचा गाभा तीत लिहिला गेला, ते सर्वश्रुत आहे.

पण मला अडकवलं ते ‘बाइट’ने. ‘बाय एट’चा हा संक्षेप, असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. मला ते मुळीच पटत नाही. १९५६मध्ये आयबीएमच्या स्ट्रेच यंत्रावर काम करताना वर्नर बुखहोल्झने शब्द काढला, तेव्हा बाइट एक ते सहा बिटांचा होता. आठ कुठून आले? मूळ शब्द ‘घास’ या अर्थाचा. घाईत एक अक्षर गळलं तर ‘बिट’ होईल, म्हणून त्याने ‘आय’च्या जागी ‘वाय’ घातला. दोन सारखी नावं एकमेकांत मिसळू नयेत म्हणून लावलेली खूण! आमच्या मंगरुळाला हयात कलंदरांच्या दर्ग्यावरून जोडलेला ‘पीर’ माझ्या लेखी याच जातीचा. दस्तगीरवाल्यांनीही पीरच जोडला, हा भाग वेगळा.

आणि १९९२मध्ये एका उपाहारगृहात, ताटाखालच्या कागदावर यूटीएफ-८ मांडणारा कोण? तोच प्रकार न मानणारा थॉम्सन, सोबत रॉब पाइक.

दुसऱ्या दिवशी पावती घेऊन गेलो, बाइटांचं सगळं सांगितलं. खिडकीतल्या पोराने ऐकून घेतलं.

“पेननं लिहून देतो ना भाऊ, पीर.”