शिसवावरील पूर्वजांचा हात



इतिहास म्हटला की ताम्रपट, बखरी व सनदा आपल्या नजरेसमोर येतात. परंतु ज्यांनी आयुष्यभर लेखणी नव्हे, तर पटाशी चालविली, त्या आपल्या सुतार पूर्वजांचा इतिहास शोधावयाचा कोठे? तो त्यांनी घडविलेल्या लाकडावरच शोधला पाहिजे.

एकोणिसाव्या शतकात मुंबईचे शिसवी सामान दूरवर नावाजले होते. कोच, खुर्च्या व गोल मेजे यांची ठेवण युरोपीय; परंतु त्यांवर आरपार कोरलेल्या वेली, पाने व फुले येथल्या हातांची. मेडोज स्ट्रीट, म्हणजे सांप्रतचा नगीनदास मास्टर मार्ग, येथे या सामानाची दुकाने होती. जॉर्ज बर्डवुड यांनी हिंदुस्थानातील कलाकौशल्यावरील आपल्या १८८० च्या ग्रंथात या कामाची दखल घेतली. मात्र अशा सामानावर घडविणाऱ्याचे नाव बहुधा आढळत नाही. पटाशीचे वळण हीच काय ती त्याची सही होय.

ही सही आज आपल्याच हातून पुसली जात आहे. जुने सामान दुरुस्तीस आले की रंधा मारावयाचा, काचकागदाने घासावयाचे आणि वर चकचकीत रोगण फासावयाचे, अशी रीत पडली आहे. त्यायोगे कोरीव कामाच्या कडा बोथट होतात आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या हाताळण्याने चढलेली गडद झाक कायमची जाते.

वास्तविक उपाय साधा आहे. प्रथम मऊ कुंचल्याने धूळ काढावी. मग आडबाजूस स्पिरिटचा एक थेंब लावून पाहावा. थर लगेच चिकट झाला, तर ते लाखेचे पॉलिश समजावे. अशा ठिकाणी चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून, कापडात गुंडाळलेल्या कापसाच्या बोळ्याने पातळ हात द्यावेत. नवा थर जुन्यात मिसळतो. सारे खरवडण्याचे कारण उरत नाही. ढिल्या सांध्यात खिळा ठोकू नये. सांधा सोडवून, साफ करून सरसाने पुन्हा बसवावा. सरस ऊब व ओलाव्याने सुटतो, म्हणून पुढील दुरुस्तीची वाट मोकळी राहते.

एक विनंती आहे. जुन्या वस्तूस हात लावण्यापूर्वी तिचे छायाचित्र घ्यावे. ती कोणत्या घरची, कोणत्या गावची, आणि वडीलधाऱ्यांस ठाऊक असल्यास कोणी घडविली, हे लिहून ठेवावे. ज्यांची नावे कोणी लिहिली नाहीत, त्यांची नावे निदान त्यांच्या वंशजांनी तरी लिहावीत.